जयसिंगराव रस्ता सांगत नाहीत

सदाशिव पेठेत जो गाडी शिकला तो जगाच्या पाठीवर कुठेही चालवेल, असं श्रीधरपंत मोठ्या तोऱ्यात सांगतात. त्यांचं स्वतःचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, तेव्हा त्यांनी तसं सांगणं ओघानंच आलं. त्यांच्याकडे शिकवायला असलेले जयसिंगराव काळभोर मात्र काही सांगत नाहीत. म्हणजे क्लच सांगतात, गिअर सांगतात, आरसा बघा म्हणतात. पण पुढे रस्ता फुटला आणि शिकणाऱ्यानं घाबरून विचारलं, "सर, डावीकडे घेऊ की उजवीकडे?" की हा गृहस्थ समोरच्या काचेतून बघत बसतो. फारच झालं तर म्हणतो, "तुम्ही ठरवा."

आता ज्याला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेच परवा कळलं, त्यानं काय ठरवायचं, कपाळ? एक मुलगी अशीच ठरवता ठरवता भर लक्ष्मी रस्त्यावर उलट्या दिशेनं शिरली. समोरून दोन रिक्षा, एक टेम्पो आणि उरलेलं सगळं पुणे हॉर्न वाजवत आलं. जयसिंगरावांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, उतरून तिला शेजारी बसवलं, गाडी मागं घेत घेत गल्लीत आणली आणि पुन्हा जागा बदलून म्हणाले, "पहिला गिअर." चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्या मुलीनं घरी जाऊन मोबाइलवर पाच चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, सर अजिबात ओरडत नाहीत.

यामुळेच श्रीधरपंतांचा नाइलाज होतो. "रस्ता न सांगता गाडी शिकवणारा पृथ्वीवरचा हा एकमेव इसम," ते गिऱ्हाइकांसमोरच म्हणतात, "पण काय करणार, सगळ्यांना हाच हवा असतो." सध्या जयसिंगरावांकडे कल्याणीबाई आपटे शिकतात. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेतली, अशा बाई. त्यांनी पहिल्याच आठवड्यात टिळक रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडी उभी केली आणि म्हणाल्या, "अहो जयसिंगराव, मी तुम्हाला रस्ता विचारतेय. तुमचं जन्मरहस्य विचारत नाहीये." दुसरा कुणी हसला असता. जयसिंगराव म्हणाले, "मागून बस येते आहे. निघा."

लोकांना हा शांतपणा वाटतो. तो शांतपणा नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल असतो पण आपला वाटत नाही, चावला गेला तरी कळत नाही, तसं या माणसाचं आतून झालेलं आहे. तेही आजचं नाही, चांगली बावीस-तेवीस वर्षं झाली. त्यांना हे ठाऊक आहे. त्याबद्दलही त्यांना विशेष काही वाटत नाही.

घर लोणी काळभोरला, भावकीच्या घरांना लागून. रोज सकाळी स्कूटरवरून सोलापूर रस्त्यानं पेठेत यायचं, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत जायचं. घरी बायको, सुशीलाबाई. तोंडानं फटकळ आणि मनानं भाबडी. ती आल्यागेल्याला सांगते, "माझा नवरा मिल्ट्रीत गेला तो आलाच न्हाई बघा. पेन्शन तेवढी आली." ऐकणारे हसतात. तीही हसते आणि मग पदरानं उगाचच ओटा पुसते. जयसिंगरावांची आई सरुबाई वारली तेव्हा त्यांनी सगळं व्यवस्थित केलं, आलेल्यांना चहा विचारला, आणि तेराव्यानंतर कामावर गेले. काय खंबीर माणूस, असं गाव म्हणालं. सुशीलाबाईला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याची भीती वाटली.

आता हा माणूस पहिल्यापासून असा होता म्हणावं, तर तसंही नाही. एके काळी याच्या आवाजानं उंट बिथरायचे.

दोन हजार एकच्या डिसेंबरात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि बघता बघता सगळं सैन्य पश्चिमेच्या सरहद्दीवर नेऊन उभं केलं. लढाई आज लागणार, उद्या लागणार, असं रोज चाललेलं. देशभरातून ट्रक आले आणि ट्रकांबरोबर चालवणारी पोरंही आली. कुणी केरळातलं, कुणी बिहारातलं, कुणी पंजाबातलं. डांबरी रस्त्यावर एकेक जण वाघ, पण राजस्थानच्या वाळूत गाडी घातली की शंभर पावलांत चाकं गडप. या पोरांना घाईघाईनं वाळूत तयार करायचं काम ज्या उस्तादांकडे दिलं, त्यांत हवालदार जयसिंग काळभोर होते. लष्करात शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात.

वाळूत गाडी चालवणं म्हणजे शिकलेलं सगळं विसरणं. टायरमधली हवा काढून टाकायची, इतकी की टायरनं पोट जमिनीला टेकवलं पाहिजे. चढावर गिअर बदलायचा नाही. उतारावर ब्रेक मारायचा नाही. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय दाबायचा नाही, उचलायचा. वेगाच्या काट्यावर जयसिंगराव कापड बांधत आणि पोरांना सांगत, चाकाखाली काय आहे ते ढुंगणाला कळलं पाहिजे. पोरं हसायची, पण आठवडाभरात त्यांच्या ढुंगणाला कळायला लागायचं.

आणि सगळ्यांत मोठा धडा म्हणजे पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जायचं नाही. वाळूवर वरच्या बाजूला एक पातळ कवच धरलेलं असतं. पहिल्या गाडीनं ते फोडलं की त्याच जागी दुसरी गाडी रुतते, तिसरी तर पोटापर्यंत बसते. म्हणून प्रत्येकानं आपली नवी वाट धरायची, आणि चाक जड वाटलं की विचार करत बसायचं नाही, त्या क्षणी स्टिअरिंग अर्धं फिरवून कोऱ्या वाळूवर यायचं. विचार करेपर्यंत गाडी बसलेली असते. म्हणून हे डोक्याला शिकवून भागत नाही, हाताला शिकवावं लागतं. जयसिंगराव शेजारी बसून खिडकीतून हात बाहेर काढत, दारावर बाहेरून दोन थापा मारत आणि ओरडत, "लाइन छोड, बेटा, लाइन छोड!" दिवसातून दोनशे वेळा. पुढे पुढे पोरांचे हात नुसत्या थापांवर फिरायला लागले, आणि मग थापांचीही गरज उरली नाही. रात्री मेसमध्ये पोरं ताटावर दोन थापा मारून त्यांची नक्कल करायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचं.

त्या तुकडीत रंगनाथ होता. फलटणकडचा, बाविशीतला, तिथं मराठी बोलणारा एकटाच. त्यामुळे जयसिंगरावांचा जीव त्याच्यावर थोडा जास्त. त्याची एक खोड होती. त्याला बूट घालून गाडी कळायची नाही. "उस्ताद, बूट असलं की पायात कुनीतरी दुसराच हाय असं वाटतंय," म्हणायचा. नियमात बसत नव्हतं, पण जयसिंगरावांनी डोळ्यांआड केलं. रंगनाथ बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायचा, जोडी सीटमागच्या खुंटीला लटकवायचा आणि अनवाणी पायानं गाडी अशी न्यायचा की बघत राहावं. जयसिंगरावांनी इतक्या जणांना शिकवलं, पण याच्याइतकं झटकन कुणाचंच स्टिअरिंग फिरत नव्हतं.

पुढे सरहद्दीलगत सुरुंग पेरले. आपलेच, आपल्याच जमिनीत, शत्रू आला तर म्हणून. त्या पट्ट्यातून आपल्या गाड्यांसाठी वाट ठेवलेली होती, दोन्ही बाजूंना खुंट्या आणि पट्ट्या लावलेली. एके दिवशी वादळ झालं आणि वाळूनं खुंट्या गिळल्या. पलीकडच्या चौकीवर पाणी पोचवायचं होतं. वाट जयसिंगरावांना पाठ होती, म्हणून ते पुढच्या ट्रकमध्ये बसले आणि मागे पाण्याचा टँकर घेऊन रंगनाथ. निघण्याआधी जयसिंगरावांनी त्याला समोर उभं करून सांगितलं, "आज लाइन सोडायची न्हाई. माझ्याच चाकोरीतनं यायचं. इकडंतिकडं वीतभर न्हाई. कळलं?"

"कळलं की, उस्ताद," रंगनाथ म्हणाला.

त्याला कळलं होतंच. पण टँकर जड, पुढच्या ट्रकनं कवच फोडलेलं, आणि अर्ध्या वाटेत टँकरचं चाक बसायला लागलं. जयसिंगरावांनी आरशात बघितलं. रंगनाथच्या हातांनी तीन महिने जे शिकलं होतं तेच केलं. स्टिअरिंग अर्धं फिरलं, झटकन, फार सुंदर, आणि टँकर डावीकडे कोऱ्या वाळूवर आला.

आवाज जयसिंगरावांना आठवत नाही. आरशात पाणी दिसलं एवढं आठवतं. वाळवंटात एवढं पाणी वर उडालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नंतर टँकरमधून जे काही काढायचं ते काढलं, तेव्हा सीटमागच्या खुंटीला बूट तसेच लटकत होते, नाड्या बांधलेले.

चौकशी झाली. सूचना दिली होती का? दिली होती. सगळ्यांनी ऐकली होती का? ऐकली होती. कुणाचाच दोष निघाला नाही. जयसिंगरावांच्या शिकवण्यात खोट असती तर ती धरून रडता तरी आलं असतं. शिकवण्यात खोट नव्हती, पोरात खोट नव्हती, आणि पोरगं गेलं. त्या संध्याकाळी त्यांनी पुरी-भाजी खाल्ली, वर आणखी दोन पुऱ्या मागून घेतल्या. मग खाटेवर पडून रडू यायची वाट बघितली. ते आलं नाही. उद्या येईल म्हणाले. लढाईही उद्या उद्या करत शेवटी झालीच नाही, सैन्य माघारी फिरलं, आणि जयसिंगराव तसेच कोरडे लोणीला आले.

त्यानंतर त्यांनी कुणालाही गाडी कुठे न्यायची ते सांगितलं नाही. पोट भरायला गाडी शिकवणं तेवढं येत होतं, म्हणून क्लच शिकवला, ब्रेक शिकवला. वाट ज्याची त्यानं बघावी.

याचा सगळ्यांत जास्त फटका बसला तो त्यांच्या मुलाला. सूरज पंधरा-सोळा वर्षांचा झाल्यावर बापामागं लागला, बाबा, मला शिकवा. अख्ख्या गावाची पोरं याचा हेवा करायची, कारण बाप गाडी शिकवणारा. बापानं सांगितलं, "मामाकडं जा." पोरगं वाघोलीला मामाच्या पिकअपवर शिकलं. पुढे पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मग विचारणं बंद झालं आणि त्याबरोबर बरंचसं बोलणंही. बापाला आपली काडीची पर्वा नाही, असं सूरजनं मनाशी पक्कं धरलं. त्याचं तरी काय चुकलं? आणि गंमत बघा, बारावी होऊन हा भरती झाला तो लष्करातच, आणि लष्करात झाला ड्रायव्हर. बापानं शिकवलं नाही ते सरकारकडून शिकून घ्यावं, असा काहीतरी हिशेब असणार. आठवड्याला फोन यायचा. आईशी तासभर. मग फोन बापाकडे. "जेवलास का? बरं. ठेवतो." एवढंच.

गेल्या मे महिन्यात सरहद्दीवर पुन्हा पेटलं. टीव्हीवरच्या माणसांच्या अंगात आलं. पुण्यात भोंगे वाजवून बघितले, सुशीलाबाईनं मेणबत्त्यांचे चार पुडे आणून ठेवले, आणि सूरजची मंजूर झालेली रजा रद्द झाली. श्रीधरपंत स्कूलमध्ये बसून युद्धाचे डावपेच समजावून सांगत होते. जयसिंगराव गाडीत हवा भरत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. जयसिंगराव अंगणात स्कूटर पुसत होते. सूरज आईला म्हणाला, "बाबांना दे." सुशीलाबाईनं फोन हातात दिला आणि टीव्हीचा आवाज बंद करून उंबऱ्यात उभी राहिली.

"बाबा, एक विचारायचं हाय. कुठं हाय ते विचारू नका. वाळू हाय, एवढं समजा."

जयसिंगरावांच्या हातातलं फडकं थांबलं.

"दिवसभर नुसतं ट्रेनिंग चाललंय. उस्ताद लई टाइट घेतायत. गाडी रुतायला लागली की दारावर दोन थापा मारत्यात आणि वरडत्यात, लाइन छोड, बेटा, लाइन छोड! आता मला झोपेत पण जमतंय. सगळ्या बॅचमध्ये मीच फास्ट हाय."

"थापा बाहेरनं मारतो?"

"हां. तुम्हाला कसं म्हाईत?"

जयसिंगरावांनी फडकं स्कूटरच्या सीटवर टाकलं. कोण असेल तो उस्ताद? त्यांच्या शेजारी बसून शिकलेल्या शेकडो पोरांपैकी कुणीतरी, किंवा त्या पोरानं शिकवलेला आणखी कुणी. लोणीला येऊन त्यांनी तोंड बंद केलं होतं, पण आवाज तिकडेच राहिला होता. तो तिकडे पोरं तयार करत होता, आणि आता त्यानं सूरजला तयार केलं होतं.

"बरं, ऐका," सूरज म्हणाला. "आज सांगितलं की पुढं एक पट्टा लागणार हाय. जुना, सुरुंगाचा. साफ केलाय म्हनत्यात, पण शंभर टक्के कोन सांगनार? म्हणून तिथं पुढच्या गाडीच्या चाकोरीतनंच जायचं, अशी ऑर्डर हाय. माझी गाडी दुसरी हाय. आता चाकोरीत गेलो की रुतनार, हे रोज शिकवत्यात. मग तिथं रुतायला लागली तर करायचं काय? मी पोरांना विचारलं तर हसले. तुम्ही हुता ना वाळूत? सांगा की."

दुसरी गाडी. पुढच्या गाडीनं कवच फोडलेलं. आणि बॅचमध्ये सगळ्यांत झटकन फिरणारे हात.

जयसिंगरावांच्या तोंडात सवयीचे शब्द आले, "तू ठर–" आणि तिथंच अडकले. उंबऱ्यातून सुशीलाबाई बघत होती. पोरानं आयुष्यात बापाकडे दोनदा एक गोष्ट मागितली होती आणि दोन्ही वेळा बापानं त्याला मामाकडे पाठवलं होतं. आता मामाकडे पाठवायची सोय नव्हती.

ते खाली बसले, अंगणातल्या फरशीवर, आणि रंगनाथबद्दल सांगितलं. चौकशीत सांगितलं होतं तसंच, सपाट आवाजात. तो अनवाणी चालवायचा ते सांगितलं. निघताना काय म्हणालो, तो काय म्हणाला, आरशात काय दिसलं, बूट कुठे होते. सांगताना त्यांना काही वाटलं नाही. फक्त तोंड फार कोरडं पडलं.



"म्हणून सांगतो," जयसिंगराव म्हणाले. "रुतायला लागली तर रुतू दे."

"पण मग मागची अख्खी रांग—"

"अडकू दे. इंजिन बंद कर. दोन्ही हात स्टिअरिंगवरनं काढ आन मांड्यांखाली घाल. वर बस. कुनी मागनं आईबहीण काढली तरी हात काढायचे न्हाईत. रुतलेली गाडी वढून काढता येती."

"बरं."

"बरं म्हणून उपेग न्हाई. तो पण कळलं म्हणाला हुता. तुला कळलं, पन तुझ्या हाताला कळलं न्हाई. उद्या ट्रेनिंगमधी मुद्दाम रुतव. धा डाव रुतव आन धा डाव हातावर बस. शिव्या खा. आमी पोरांना रुतायचं कसं नाही ते शिकवलं. रुतून गप बसायचं कसं, ते कुनीच शिकवलं न्हाई. मी पन न्हाई."

मग सूरज म्हणाला, "बाबा, म्हणून मला गाडी शिकवली न्हाई?"

"हां."

"बरं," सूरज म्हणाला आणि फोन ठेवला.

जयसिंगराव उठले आणि राहिलेली अर्धी स्कूटर पुसली. सुशीलाबाई उंबऱ्यातच होती. ती म्हणाली, "मला का न्हाई कधी सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

"चार वर्सं इचारत हुते," ती म्हणाली. "मग सोडून दिलं." आणि आत जाऊन तिनं टीव्हीचा आवाज पुन्हा चालू केला.

दोन-तीन दिवसांत तोफा थांबल्या. टीव्हीवरच्या माणसांचा हिरमोड झाला. पण सूरजचा फोन आला नाही. आठवडा गेला तरी नाही. लागतच नव्हता. तोफा थांबल्या म्हणून जमिनीतलं काही उठून घरी जात नाही, हे लोणी काळभोरमध्ये एकट्या जयसिंगरावांना नीट ठाऊक होतं. ते रोज पेठेत जात होते. क्लच, गिअर, आरसा. शिकणाऱ्यानं उशिरा स्टिअरिंग फिरवलं की त्यांना बरं वाटायचं आणि झटकन फिरवलं की डाव्या पायाची बोटं बुटात आखडायची. काळजी म्हणतात ती हीच का, हे त्यांना नक्की सांगता आलं नसतं. सवय गेली होती.

एक दिवस कल्याणीबाईंनी गाडी नदीपात्रातल्या रस्त्याच्या कडेला थांबवली. "तुम्ही सारखे मोबाइलकडे बघताय," त्या म्हणाल्या. "गेला महिनाभर तुम्ही कशाकडेच बघत नव्हता, तेव्हा ही प्रगतीच म्हणायची. मुलगा तिकडे आहे ना?"

"हो."

"काही कळलं?"

"नाही."

कल्याणीबाईंनी त्या दिवशी टोमणा मारला नाही. पुढच्या फाट्यावर रस्ताही विचारला नाही. आपल्या मनानं डावीकडे घेतलं, चुकलं, वळसा घालून परत आणलं आणि श्रीधरपंतांच्या दारात गाडी लावली.

रविवारी सकाळी फोन आला. सुशीलाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. जयसिंगराव बाहेरच्या खोलीत दाढीचं सामान धुऊन ठेवत होते. सूरजचा आवाज चिडका होता.

"बाबा, तुमच्यामुळं माझी पार इज्जत गेली बघा."

"काय झालं?"

"काय व्हायचंय? पट्ट्यात शिरलो आणि अर्ध्यावर रुतली. तुम्ही म्हणाला तसं आदल्या दिवसांत मी लई येळा रुतवली हुती, उस्तादांनी आईबापाचा उद्धार केला हुता. तरी सांगतो बाबा, हात गेला. खरंच गेला. स्टिअरिंग पावभर फिरलं पन. मग हात काढले आणि बुडाखाली घातले. आणि बसलो."

"मग?"

"मग काय, मागं सगळी रांग ठप्प. अख्खी दुपार. वरनं हे ऊन. लोकं शिव्या घालतायत आणि मी हातावर बसलोय, अंडी उबवत बसल्यासारखा. शेवटी पुढनं दोर लावून वढली. मग सुरुंगवाले आले, त्यांनी काठ्यांनी दोन्ही बाजूंची वाळू टोचून टोचून बघितली."

जयसिंगरावांनी खिडकीचा गज धरला. "काय निघालं?"

"काय निघनार? एक पत्र्याचा डबा. तुपाचा. बाकी काहीच न्हवतं तिथं."

"काहीच न्हवतं?"

"काहीच न्हवतं हो! नुसती वाळू. पोरांनी माझं नाव कोंबडी ठेवलंय. चार दिवस जादा पहारा लागला, फोन पन काढून घेतलेला. उस्ताद तेवढं हसले न्हाईत. हे कुनी शिकवलं म्हणाले. मी म्हणालो, बापानं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचला मुद्दाम रुतायला लावलं आणि हातावर बसवलं. त्यामुळं तर पोरं आनखी खवळलीत माझ्यावर."

"बरं," जयसिंगराव म्हणाले. "जेवलास का?"

"सकाळचे नऊ वाजलेत, बाबा."

"बरं. ठेवतो."

फोन खिडकीत ठेवला आणि त्यांनी दाढीचा ब्रश पुसायला घेतला. ब्रश कोरडा झाला तरी पुसतच राहिले. मग ते खालून वर आलं. आवाज इतका मोठा आणि ओबडधोबड होता की हा आपला आहे हेच त्यांना आधी कळलं नाही. भावकीतलं कुणीतरी दारापर्यंत येऊन परत गेलं. सुशीलाबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली, पण या माणसाचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता.

"सूरज? काय झालं सूरजला? बोला की वं!"

जयसिंगराव मान हलवत होते.

"काय झालं?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "काय न्हाई झालं. तिथं कायच न्हवतं, सुशीला. नुसती वाळू हुती."

"मग रडताय कशाला?"

"काय झालं न्हाई म्हणून," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, नाकातोंडातून वाहत असताना, म्हणाले, "त्याची बुटं तशीच हुती गं. खुंटीला. नाड्या बांधल्याली."

मग तिला कळलं, हे कुणाकुणासाठीचं रडणं आहे ते. ती खाली बसली आणि पिठाचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. सदऱ्यावर पाच बोटं पांढरी उमटली. गप बसा म्हणायचं तिच्या तोंडाशी आलं होतं, ते तिनं गिळलं. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला, तरी ती उठली नाही.